दोन साखळ्या, सात आणे

संपादकांचं पत्र आलं. यंदाच्या दिवाळी अंकात आपल्या भागातल्या गढ्यांवर खास विभाग आहे, तुम्ही जन्मभर जमीन मोजली, कितीतरी गढ्या आतून-बाहेरून पाहिल्या, तर त्यांच्या वैभवाच्या आठवणी पाठवा म्हणून. मान दिलात, उपकार आहेत. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला कुणी "लिहा" म्हणतं तेव्हा त्याला आधी घामच फुटतो. पण वैभवाच्या आठवणी माझ्याकडं नाहीत. माझ्याकडं एका खंदकाची रुंदी आहे. तीच लिहून पाठवतो. छापायची तर छापा, नाहीतर परत पाठवा. त्यातला आकडा मात्र बदलू नका.

नव्या वाचकांसाठी आधी थोडं सांगावं लागेल. गढी म्हणजे किल्ल्याचं गावाकडचं धाकटं भावंड. नळदुर्ग, परांडा लोक बघायला जातात, गढीकडं कुणी जात नाही. पण निजामाच्या राज्यात आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (गावातली माणसं तेव्हाही धाराशिवच म्हणायची) दर दोन-चार गावांआड एक गढी दिसायची. खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या पुरुषभर जाडीच्या भिंती, कोपऱ्याला बुरूज, आत वतनदाराचं घर आणि धान्याची पेवं. ज्यांची ऐपत होती त्यांनी भोवती खंदक खणून घेतला होता. लुटारू आले तर दार लावायचं आणि मधे पाणी ठेवायचं, हा एक उपयोग. दुसरा उपयोग कुणी बोलून दाखवत नाही. खंदकाच्या अल्याड कोण आणि पल्याड कोण, हे रोज उठून गावाला दिसावं.

माझं काम साखळी ओढायचं. मोजणीची साखळी, सरकारी भाषेत जरीब, तेहतीस फुटांची, लोखंडी कड्यांची. तिचे सोळा भाग, त्या भागाला आम्ही आणा म्हणायचो. हा खिशातला आणा नव्हे, एक आणा म्हणजे दोन फुटांहून बोटभर जास्त. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला गुंठा. पुढचा माणूस टोक घेऊन चालतो, मागचा धरून ठेवतो, आणि अमीनसाहेब, म्हणजे मोजणीचे अंमलदार, टेबलाशी बसून आकडा लिहितात. आकडा एकदा वहीत गेला की जमीन तेवढी होते. जमिनीला कुणी विचारत नाही.

या कामातला पहिला धडा असा की साखळी आडवी धरायची. उतार असेल तर जमिनीवर टाकायची नाही. टेकडीवर अंग टाकून झोपली की ती जास्त भरते. म्हणून उतारावर चार-चार आण्यांचे तुकडे करायचे, साखळी हवेत सपाट धरायची, टोकाशी ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, सोडायचा, तो टेकला तिथं खूण करायची, मग पुढचा तुकडा. पायरी-पायरीनं उतरायचं, पायरी-पायरीनं चढायचं. हा धडा मला अमीनसाहेबांनीच दिला होता.

मी मूळचा किनवटाकडचा. बाप सागाच्या लाकडाच्या गाड्या हाकायचा. पैनगंगेच्या पुरात एकदा आमची गाडी गेली, बैल गेले, बाप गेला, मी तेवढा फांदीला अडकून राहिलो. त्यानंतर शाळाही गेली आणि माझ्या मनात पाण्याची जी भीती बसली ती कायमची. गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझ्या कानात बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजायची. जंगलाच्या मोजणीला आलेल्या अमीनसाहेबांनी मला साखळी वाहायला ठेवलं. पुढं जातील तिथं नेलं, आपल्या ताटातलं खाऊ घातलं, आकडे आणि सही शिकवली. त्या माणसाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात चूक त्यांची नव्हती आणि सही त्यांची होती.

चाळीस सालानंतरची गोष्ट. तिकडं जर्मनांची लढाई चाललेली. आम्ही लोहाऱ्याच्या अंगाला एका गावात गेलो. सास्तूरच्या बाजाराला जाणारी बैलगाडी गावावरून जायची, एवढीच खूण देतो. तिथल्या गढीच्या मालकांचा अर्ज होता की गढी आमची, खंदकही आमचा, पैलकाठापर्यंत हद्द मोजून दगड रोवून द्या. सनदेत तसं होतं. पैलकाठापर्यंत. अर्जात खोटं काही नव्हतं.

खंदक पूर्वेला अजून शाबूत होता. चार पुरुष खोल, काठ सुरीनं कापल्यासारखा. दक्षिणेला मात्र तो गाळानं भरून सपाट झालेला, काठ कुठं होता ते ओळखू येत नव्हतं. आणि त्या बाजूला वडारांची अकरा घरं होती.

मी पहिल्या दिवशी पाणी मागायला त्यातल्या एका घरी गेलो. दारात एक म्हातारी अंबाडी निवडत बसली होती. नातवाला ओरडली, "गोंगूरा तुडवू नकोस की रं!"

गोंगूरा! आमच्या आदिलाबादच्या शिवेवर अंबाडीला तोच शब्द. वडारांच्या घरातली बोली तेलुगूसारखीच असते, हे मला ठाऊक नव्हतं. मी तेलुगूत म्हणालो, "अव्वा, थोडं पाणी."

म्हातारीनं मान वर केली. "कुठला रं तू?"

"किनवटचा."

"लई लांबून आलास की, तम्मुडू. जेवलास का?"

अव्वा म्हणजे आजी, तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. घर सोडल्यापासून मला तसं कुणी म्हणालं नव्हतं. तिचं नाव यल्लव्वा. सगळ्या वडारवाड्याची ती कारभारीण होती, आणि तोंडाची तिखट. त्या दिवसापासून माझी भाकरी तिच्या चुलीवर व्हायला लागली.

तिनंच मला खंदकाचं सांगितलं. तिच्या सासरच्या कुणा पूर्वजांनी तो खणला. मोबदल्यात पैलकाठावर राहायची जागा मिळाली आणि दर उन्हाळ्यात गाळ काढायचं काम मिळालं, पिढ्यान्‌पिढ्या. हा गाळ म्हणजे गावाचा जीव. आमच्याकडं घरांना माळवद असतं, मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पसरली नाही तर घर गळतं. ती माती खंदकातून निघायची, अलीकडं फक्त पूर्वेच्या बाजूनं. पहिली पाटी गढीला, दुसरी मारुतीला, मग पाटलापासून महारवाड्यापर्यंत दर घराला. सगळ्या गावाच्या डोक्यावर खंदक पसरलेला असायचा म्हणा ना.

"आन्‌ तुमी गढीत जायचा का, लुटारू आल्यावर?" मी विचारलं.

यल्लव्वा हसली. "दार लागलं की आमी भाईरच. खंदक आमच्या खापरपणजीनं खणला, तम्मुडू. पर त्येच्या आत आमची खापरपणजी एक रात न्हाय निजली."

गाळ काढायच्या पहिल्या दिवशी त्यांची एक रीत होती. गढीच्या पूर्व भिंतीत एक दगडी कडी आहे. तिच्यात रस्सी ओवायची, खंदकावरून ताणून पैलकाठावरच्या दगडाला बांधायची, कडुनिंबाचे डहाळे लावायचे, नारळ फोडायचा. खंदकाचं तोरण. रस्सी जुनी झाली की नवी वळायची, पण जुनीच्या शेजारी ठेवून, बरोबर तेवढीच. ती यल्लव्वाच्या घरात, देवळीत म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, हळद लावून ठेवलेली असायची.

त्या वर्षीचं तोरण नुकतंच होऊन गेलं होतं. मी ऐकून घेतलं आणि विसरलो. माणूस आपल्या कामापलीकडचं ऐकतो कुठं?

मोजणी सुरू झाली. अमीनसाहेबांचा हिशेब सरळ होता. खंदक सगळीकडं सारख्या रुंदीचा आहे, हे गाव आणि गढी दोघांनाही कबूल. मग पूर्वेला, काठ धड आहे तिथं रुंदी मोजायची, आणि तीच रुंदी दक्षिणेला भिंतीपासून धरून दगड रोवायचे.

पूर्वेला मी साखळीचं टोक घेऊन काठाशी उभा राहिलो. खाली तळाशी कमरेएवढं हिरवं पाणी. मागचा माणूस, गावातलाच रोजानं घेतलेला, भिंतीशी साखळी धरून होता. आता चार-चार आण्यांच्या पायऱ्यांनी उतरायचं, पाण्यात उभं राहून साखळी डोक्यावर सपाट धरायची, ओळंबा सोडायचा. माझ्या कानात घुंगरं वाजायला लागली.

मी साखळी उतारावर सोडून दिली. ती घरंगळत पाण्यात गेली. मी काठाकाठानं, बुजलेल्या दक्षिणेवरून वळसा घालून पैल्याड आलो, पाण्यात काठी घालून टोक ओढून घेतलं. पहिली साखळी उतारावरून खाली गेली, दुसरी तळाशी लोळली, तिसरी वर आली. काठाला अगदी बरोबर तीन साखळ्या भरल्या.

लिंबाच्या सावलीतून अमीनसाहेबांनी ओरडून विचारलं, "जरीब सीधी धरी थी ना रे?"

"हौ, साहेब."

हे दोन शब्द. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढंच खोटं बोललो, आणि तेही भीतीपोटी. अमीनसाहेब खूष झाले. पूर्ण आकडा आला की लिहिणाऱ्याला बरं वाटतं. "तीन जरीब," त्यांनी लिहिलं, खाली सही केली. दुपारी गढीवर आम्हाला पुरणपोळीचं जेवण होतं. मी दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला सपाटीवर, भिंतीपासून तीन साखळ्या मोजून आम्ही खुंट्या मारल्या. सपाटीवर साखळी खोटं बोलत नाही. खुंट्या थेट वडारांच्या घरांच्या मागच्या भिंतींना जाऊन भिडल्या. म्हणजे अकराच्या अकरा घरं खंदकात आली. खंदक मालकांचा. मालकांनी सांगून टाकलं, पावसाळ्याच्या आत जागा मोकळी करा, मला तिथं गुरांचे गोठे घालायचे आहेत.

संध्याकाळी मी भाकरीला गेलो. चूल थंड होती. यल्लव्वा उंबऱ्यात बसलेली.

"पुरणपोळी ग्वाड व्हती का?"

"अव्वा..."

"अव्वा म्हणू नगंस. गढीचं खाल्लंस आन्‌ गढीचं मोजलंस."

"मी कुणाचं ऐकून मोजलं नाही. साखळीनं जेवढं भरलं तेवढं..."

ती उठली, देवळीतली हळदीची रस्सी काढली आणि माझ्या अंगावर टाकली. "हिचं एक टोक भिंतीला लाव जा. आन्‌ दुसरं कुठं येतंय ते बघ."

मी लावलं. दुसरं टोक आलं ते यल्लव्वाच्या उंबऱ्याशी. घराच्या मागं नाही, पुढं. मी शेजारच्या घरापुढं लावून पाहिलं. तिथंही उंबरा. त्यांच्या पूर्वजांनी रस्सी टाकून, ती संपली तिथून घरं बांधली होती. एक वीतभरही खंदकात कुणी शिरलेलं नव्हतं.

"पूर्वेला हीच रस्सी काठाला पुरती," यल्लव्वा म्हणाली. "पंधरा दिसापल्याड सगळ्या गावानं बघितलीया. मग तुझी साखळी कशी रं वाढली?" तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला कळलं. दगडमातीत जन्म गेलेली बाई ती. "आमची रस्सी वरनं जाती. तुझी पोट घासत ग्येली. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"का?"

"पाण्याला भ्यालो."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "लोकं पैशापायी घरं पाडत्यात," ती म्हणाली, "तू भिऊन पाडलीस. पडायची ती पडतीलच, तम्मुडू. घराला काय ठावं, कशापायी पडतंय ते."

मी तसाच अमीनसाहेबांकडं गेलो. ते नमाजासाठी हातपाय धुऊन, वजू करून बसले होते. सगळं सांगितलं.

"मियाँ, गलती तुझी. दस्तखत माझी. कळतंय का, याचा मतलब काय? फेरमोजणी म्हणजे मी बघितलं नाही, छावमध्ये बसून लिहिलं, असं कागदावर येणार. माझी दोन सालं राहिली पेन्शनला."

"पण साहेब, अकरा घरं..."

"वडार आज इथं, उद्या तिथं. दगड सगळीकडं असतात."

"हे कुठं गेले नाहीत, साहेब. खंदकापासून इथंच आहेत."

"तुला कुणी आणलं किनवटहून? कुणी खाऊ घातलं?"

"तुम्हीच."

"फिर?"

मी एवढंच म्हणालो, "साहेब, साखळी आडवी धरायची, हेही तुम्हीच शिकवलं."

ते उठून आत गेले. मला वाटलं, आता सकाळी मला किनवटच्या वाटेला लावणार. मी माझं गाठोडं बांधून ठेवलं. भित्रा माणूस आधी गाठोडं बांधतो, मग हिंमत करतो.

पण त्यांनी मला घालवलं नाही. दगड रोवायच्या दिवशी सगळं गाव जमलं. मधल्या काळात दोन वळीव होऊन गेले होते, पूर्वेच्या खंदकात पाणी वाढलेलं. मालक घोंगडीवर बसलेले. अमीनसाहेबांनी वही उघडली, "तीन जरीब" वाचलं, आणि पहिला दगड उचलायला माणूस वाकला.

"थांबा," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण मला तो दुसऱ्या कुणाचा वाटला. "आकडा चुकलाय. मी चुकवलाय. साखळी उतारावर टाकली होती. साहेबांनी विचारलं तर खोटं बोललो."

मालक हसले. मोठे देखणे गृहस्थ, हसणंही देखणं. "अमीनसाब, तुमच्याकडं साखळी ओढणारे बोलायला कधीपासून लागले?"

यल्लव्वा रस्सी घेऊन पुढं आली. "मालक, ह्येचं बोलनं ऱ्हाऊ द्या. ही बोलतीया. लावा भिंतीला."

"रस्सी ताणली की वाढते आणि भिजली की आखडते," मालक म्हणाले. "तुझ्या देवळीतल्या सुतळीवर सरकारची हद्द ठरायची का? सरकारी साखळीनं मोजलंय, सरकारी साखळीनंच काय ते बोला."

खरं सांगायचं तर मालकांचं म्हणणं वाजवी होतं. मोजणीच्या माणसाला ते खोडता येत नाही. अमीनसाहेबांनी वही मिटली. गावाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "बजा फरमाया, बरोबर बोललात. जरीबनेच बोलायला पाहिजे. कोण उतरतंय?"

त्यांना माझी भीती माहीत होती. गावात दुसरं कुणी साखळी आडवी धरायला शिकलेलं नव्हतं, हेही माहीत होतं. तो प्रश्न माझ्यासाठी होता.

यल्लव्वानं पोरांकडून रस्सी पूर्वेच्या कडीला बांधून घेतली आणि पैलकाठाच्या दगडाला ताणली, तोरणासारखी. मला म्हणाली, "हिच्या खालनं जा. भ्याव वाटलं की वर बघ. पान्याकडं बघू नगंस."

मी धोतर खोचलं आणि ओळंबा गळ्यात अडकवला. टेबल सोडून अमीनसाहेब या खेपेला स्वतः काठाशी येऊन उभे राहिले, वही हातात घेऊन.

पहिले चार आणे. साखळी सपाट, ओळंबा खाली, खूण. "एक," मी ओरडलो. दुसरे चार आणे, एक पायरी खाली. "दोन." तिसऱ्याला पाय पाण्यात गेला. चौथ्याला पाणी कमरेला आलं, पाचव्याला छातीला. घुंगरं वाजायला लागली. इतकी, की माझाच आवाज मला ऐकू येईना. हात वर, साखळी वर, पायाखाली गाळ, आणि गाळात पाय जातोय.

मी वर पाहिलं. माझ्या डोक्याच्या वर, उंच, पिवळी रस्सी एका सरळ रेघेत गेली होती. तिला पाण्याचं काही नव्हतं.

"पाच!" कुणीतरी काठावरून ओरडलं. मी नव्हे, यल्लव्वा ओरडली होती. मग वडारवाडा ओरडला, "सहा!" सातला मारुतीच्या पाराकडची मंडळी ओरडली. आठला सगळं गाव. ज्या गावाच्या डोक्यावर खंदकाची माती होती ते गाव बिनबोलावता मोजायला लागलं होतं. नववा तुकडा काठाच्या जरा अलीकडं टेकला. वर राहिले तीन आणे.

नऊ चोक छत्तीस, आणि तीन. एकोणचाळीस आणे. दोन साखळ्या, सात आणे. तीन साखळ्या नव्हे. नऊ आण्यांचा फरक, म्हणजे साडेअठरा फूट. एक घर, पुढच्या उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत.

मी काठावर चढलो. अमीनसाहेबांनी वहीतला "तीन जरीब" सगळ्यांसमोर खोडला, शेजारी नवा आकडा लिहिला, आणि खाली आणखी एक ओळ. मी वाचली. उर्दू मला तेवढी येत होती. "पहिली मोजणी चुकली, देखरेख माझी होती." आणि सही. माझं नाव त्यात नव्हतं.

मालक उठले. जाताना यल्लव्वाला म्हणाले, "या खंदकानं तुमचं गाव राखलं. त्याचे असे पांग फेडता होय?"

"आमी राखलाय खंदक, मालक," ती म्हणाली. "दरसाल, पाटीपाटीनं."

अमीनसाहेबांना वरून खुलासा मागितला गेला. मग त्यांची बदली झाली, पेन्शनीला अडचण आली की नाही ते मला नीट कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. निघताना त्यांनी मला आपला ओळंबा दिला. "तू सीधा पकड," एवढंच म्हणाले. रागानं म्हणाले की मायेनं, हे मी अजून ठरवतोय. त्या माणसाचं मी खाल्लं आणि त्याच माणसाला चार लोकांत खाली पाहायला लावलं. दोन्ही खरं आहे. पण तो दिवस पुन्हा आला तर मी पुन्हा तेच करीन. एकच बदल करीन. पहिल्याच दिवशी पाण्यात उतरेन, म्हणजे कुणालाच खाली पाहावं लागणार नाही.

मी पुढं तीस-बत्तीस वर्षं साखळी ओढली. निजाम गेला, राज्यं बदलली. पुष्कळ गढ्या पाहिल्या. बुरुजाची माती लोकांनी माळवदावर नेली, खंदक बुजले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सांगायचं की गढीनं गाव राखलं. खोटं कशाला बोलू, काही ठिकाणी राखलंही. संकटात दार उघडून सगळ्यांना आत घेणारे वतनदारही मला ठाऊक आहेत. पण मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारत आलो, खंदक खणला कुणी आणि दार लागल्यावर ती माणसं कुठल्या अंगाला होती? लोकांना हा प्रश्न आवडत नाही. तुमच्या वाचकांनाही आवडणार नाही.

चार वर्षांमागं त्या गावी जाऊन आलो. यल्लव्वा केव्हाच गेली. दक्षिणेच्या बुजलेल्या खंदकावरून आता डांबरी सडक जाते, तिच्यावरून एसटी. घरांना विटा आल्या, पण उंबरे जिथल्या तिथं. पूर्वेचा खंदक काटेरी झुडपांनी भरलाय, तरी खोल आहे. गाळ आता कुणी काढत नाही, छतं सिमेंटची झाली. पण त्यांची रीत चालू आहे. उन्हाळ्यात एक दिवस ते पूर्वेला तोरण बांधतात, आणि मग तीच रस्सी दक्षिणेच्या भिंतीपासून सडकेवर आडवी ताणून उंबऱ्याला लावतात. एसटी थांबते. ड्रायव्हर भोंगा वाजवतो, कुणी हलत नाही.

"हे कशाला करता?" मी यल्लव्वाच्या नातवाला विचारलं. अंबाडी तुडवणारा तोच, आता त्याचे केस पिकलेत.

"आजी म्हणायची, दरसाल लावून बगायची. कागूद कवा वाढंल सांगता येत न्हाय."

आता ऐकतो की मालकांचे नातू गढीची डागडुजी करणार आहेत, भोवतीचा खंदक पुन्हा मोकळा करणार आहेत, आणि त्यासाठी हद्द नव्यानं मोजायचा अर्ज दिलाय. चांगली गोष्ट आहे. गढी राहावी, खंदकात पाणी यावं, पोरांनी बघावं. पण अर्जासोबत जोडलेल्या जुन्या नकाशाच्या नकलेत खंदक तीन साखळ्या रुंद आहे, असं मला कळलंय. खोडून केलेली दुरुस्ती नकलेत उतरली नाही, की उतरवली नाही, मला ठाऊक नाही. मूळ वही कुठल्या दप्तरात आहे, आहे की नाही, तेही ठाऊक नाही.

म्हणून, संपादक महाराज, वैभवाच्या आठवणींच्या जागी हे लिहिलं. त्या वहीत माझं नाव नव्हतं. इथं असू द्या, लेखाच्या खाली, ठळक. साखळी मी ओढली होती. पहिल्यांदा खोटी, दुसऱ्यांदा खरी. खंदक पूर्वेच्या कडीपासून पैलकाठाच्या दगडापर्यंत दोन साखळ्या सात आणे आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं काटेकुटे बाजूला करावेत आणि खाली उतरावं. ओळंबा माझ्याकडं आहे, नेऊन देतो. वय झालंय, पण काठावर उभं राहून आकडे मोजायला मी येईन. रस्सी तिथं आहेच.